कट्टा सगळ्यांचा

गिरगावातल्या आमच्या चाळीत आजोबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी मरीन लाइन्सला गाडी थांबली की रुळांपलीकडे समुद्रच असे. मरीन ड्राइव्ह तेव्हा व्हायचा होता. १९२०च्या दशकात सरकारनं बॅक बे बुजवायला घेतली. खर्च फुगला, काम रेंगाळलं. वकील खुर्शेद नरिमन यांनी त्यातला गैरकारभार चव्हाट्यावर आणला. त्यापायी बदनामीचा खटला अंगावर घेतला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. ठरली होती तेवढी भर पडलीच नाही. पण मिळालेल्या जमिनीच्या कडेनं साडेतीन किलोमीटरांहून थोडा लांब रस्ता झाला. त्यावरच्या आर्ट डेको इमारती २०१८पासून जागतिक वारशात आहेत आणि रस्त्याच्या दक्षिण टोकाला नरिमन यांचंच नाव आहे.

आजीची गोष्ट उत्तर टोकाची, चौपाटीची. १ ऑगस्ट १९२०. धो धो पाऊस. सरदारगृहातून टिळकांची अंत्ययात्रा निघाली. सोनापूरच्या स्मशानात एवढी माणसं मावणं शक्य नव्हतं, म्हणून दहन चौपाटीच्या वाळूत झालं. वडिलांच्या खांद्यावर बसून तिनं पाहिल्या त्या फक्त छत्र्या आणि पागोटी. काका सांगायचे ते २० नोव्हेंबर १९५५चं. मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा संयुक्त महाराष्ट्रवाल्यांनी याच वाळूत उधळून लावली.

या मोठ्या तारखांमध्ये रोजची संध्याकाळ असे. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं. नवरा-बायकोनं दोन शब्द बोलायचे कुठे? आईबाबा जेवणं उरकली की मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर, समुद्राकडेच्या त्या लांब कठड्यावर, जाऊन बसत. नोकरी सोडावी का, बहिणीचं लग्न कसं उरकायचं, हे सगळं तिथेच ठरलं. चण्याची पुडी घेतली तर घेतली, नाहीतर नुसता वारा. शेजारी शेटजी बसला काय नि हमाल बसला काय, जागेचे पैसे कुणालाच पडत नसत.

आज याच रस्त्यावरून निघून कोस्टल रोड वरळीकडे जातो. गाड्यांची सोय व्हावीच. पण किनाऱ्याचा पुढचा कुठलाही आराखडा कागदावर येईल तेव्हा मुंबईकरांनो, एकच विचारा: खोलीत जागा नसलेल्या माणसानं संध्याकाळी बसायचं कुठे? समुद्र हटवून मिळालेल्या जमिनीतला कट्ट्याएवढाच तुकडा गरिबाच्या वाट्याला आला आहे. त्याला तिकीट लागू देऊ नका, फाटक बसू देऊ नका.