मैल्याचा दिवा

गोबरवायूचा इतिहास सांगतांना बहुधा खेड्यापासून आरंभ करितात. वस्तुतः तो मुंबईच्या मैल्यापासून करावयास हवा. इंग्लंडांत एक्झेटर येथें १८९५ च्या सुमारास डोनाल्ड कॅमेरॉन यानें हवाबंद कुंडींत मैला कुजवून निघालेल्या वायूवर दिवे पेटविले. १८९७ सालीं तीच युक्ति माटुंग्याच्या महारोगी-आश्रमांत आली. ज्यांना समाजानें वेशीबाहेर ठेविलें, त्यांच्या मैल्यानें उजेड दिला! पुढें १९३७ सालीं दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेचे डॉ. देसाई यांनीं दादरचें मैलाशुद्धि-केंद्र पाहिलें, आणि मैल्याऐवजीं शेणावर प्रयोग सुरू झाले. शेणाचा विटाळ नाहीं; लोकांनीं तें स्वीकारलें यांत नवल काय? १९५० नंतर जशभाई पटेलांनीं कुंडीवर तरंगतें लोखंडी झांकण बसविलें. वायु वाढला कीं तें वर उचले, खर्चला कीं खालीं बसे. दाब त्यामुळें सारखा राही.