वाणिज्याचे प्राध्यापक आंबेडकर : सिडनहॅमच्या वर्गापासून बीडच्या पदवीपर्यंत

१/ बीड, गेवराई, अंबाजोगाई किंवा परळी येथून बी.कॉम. झालेल्या विद्यार्थ्याच्या प्रमाणपत्रावर एक नाव छापलेले असते : डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. हे नाव वाचताना राज्यघटना आठवते, चवदार तळे आठवते. त्या पदवीशी या नावाचे आणखी जवळचे नाते आहे, ते मात्र सहसा आठवत नाही. आंबेडकर वाणिज्य महाविद्यालयात प्राध्यापक होते आणि महाविद्यालयीन अध्यापनाची त्यांची सुरुवातच तेथे झाली. आजचा धागा त्यांच्या या पेशाविषयी.

२/ प्रथम काळाची चौकट पाहू. व्यापार हा विद्यापीठात शिकवण्याचा विषय आहे, ही कल्पना तेव्हा जगातच नवी होती. अमेरिकेत व्हार्टन स्कूल १८८१ मध्ये आणि हार्वर्डचे बिझनेस स्कूल १९०८ मध्ये निघाले. मुंबईत १९१३ मध्ये वाणिज्य व अर्थशास्त्राचे स्वतंत्र महाविद्यालय सुरू झाले. १९०७ ते १९१३ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड सिडनहॅम यांचे नाव त्याला मिळाले. पेढीवर बसून हिशेब शिकण्याची रीत जुनी होती. आता तेच ज्ञान वर्गात, पदवीसाठी, शिकवले जाणार होते.

३/ या काळात आंबेडकर कोठे होते? १९१३ मध्येच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ मध्ये त्यांनी एम.ए. पूर्ण केले. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. करारानुसार ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. परंतु तेथे त्यांना राहायला जागा मिळेना आणि कचेरीत विटाळ पाळला जाई. अल्पावधीतच ते मुंबईला आले.

४/ पुढचा प्रसंग चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवला आहे. मुंबईत आंबेडकरांनी समभाग व रोखे यांच्या व्यवहारात सल्ला देणारी पेढी काढली. आरंभी ती बरी चालली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि पेढी बंद पडली. अर्थशास्त्राच्या पुस्तकातील बाजारात गिऱ्हाईक किंमत पाहते, गुण पाहते. प्रत्यक्षातील बाजार जातही पाहत होता. वाणिज्याचा हा भावी प्राध्यापक वर्गात जाण्यापूर्वीच ते अनुभवून बसला होता.

५/ नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. जागा तात्पुरती होती आणि पगार दरमहा ४५० रुपये. लॉर्ड सिडनहॅम यांच्याशी लंडनमध्ये झालेल्या परिचयाचा या नेमणुकीत उपयोग झाला, असे कीर सांगतात. वय २७ वर्षे. या धाग्याच्या अनेक वाचकांहून फार मोठे नव्हे.

६/ सुरुवातीला विद्यार्थ्यांनी या प्राध्यापकाला गांभीर्याने घेतले नाही. अस्पृश्य समाजातला माणूस आपल्याला काय शिकवणार, असा तो भाव होता. परंतु सखोल तयारी आणि विचाराला चालना देणारे विवेचन यांमुळे चित्र पालटले. इतर महाविद्यालयांतील विद्यार्थीही परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसू लागले.

७/ शिक्षकांच्या खोलीत मात्र निराळे घडत होते. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातील पाणी आंबेडकरांनी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. हे आक्षेप घेणारे अशिक्षित नव्हते. ते उच्चशिक्षित होते, नव्या विद्येचे अध्यापक होते. ‘शिक्षण वाढले की जात आपोआप जाते’ असे आपण सहज म्हणून जातो. त्या विधानासमोर १९१८–१९ मधला हा माठ ठेवून पाहावा.

८/ ते शिकवत कसे असतील? वर्गातील टिपणांपेक्षा भक्कम पुरावा त्यांच्या लेखनात आहे. १९१८ मध्येच ‘जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी’मध्ये त्यांचा भारतातील लहान शेतजमिनी व त्यांवरील उपाय या विषयावरचा निबंध प्रसिद्ध झाला. जमिनीचे तुकडे होत आहेत, ते एकत्र करा, धारण मोठी करा, असा तेव्हाच्या तज्ज्ञांचा सूर होता. आंबेडकरांनी आधी प्रश्नच तपासला : ‘लहान’ म्हणजे कशाच्या मानाने लहान?

९/ त्यांचे उत्तर असे. जमिनीचा तुकडा एकरांवरून किफायतशीर किंवा तोट्याचा ठरत नाही. जमीन, श्रम आणि भांडवल यांचे प्रमाण जुळते की नाही, यावर ते ठरते. बैल, अवजारे, पैसा हे अपुरे असतील तर आहे ती जमीनही शेतकऱ्याला पेलण्यापेक्षा मोठीच म्हणावी लागेल. खरे दुखणे म्हणजे शेतीवर साचलेले, काम नसलेले मनुष्यबळ. तेव्हा उपाय शेताबाहेर शोधावा लागेल : उद्योग वाढवा, रिकामे हात तिकडे वळतील, मग शेतीवरचा भार हलका होईल.

१०/ बीड जिल्ह्यात बसून हा निबंध वाचला की तो शंभर वर्षांपूर्वीचा वाटत नाही. दसरा-दिवाळी झाली की येथील गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी, जिला ‘कोयता’ म्हणून मोजतात, ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाते आणि गाळप हंगाम संपला की परतते. कित्येकांकडे स्वतःची जमीन आहे. पण पाणी आणि भांडवल यांवाचून ती वर्षभर काम देत नाही. शेतीला न लागणाऱ्या श्रमाचे काय करायचे, हा आंबेडकरांचा प्रश्न येथे प्रत्येक हंगामात बैलगाडीत आणि ट्रकमध्ये बसून जाताना दिसतो.

११/ पुन्हा सिडनहॅमकडे येऊ. प्राध्यापकी चालू असतानाच, २७ जानेवारी १९१९ रोजी, त्यांनी मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ पाक्षिक सुरू झाले. त्यासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. आंबेडकर सरकारी महाविद्यालयात नोकरीला असल्याने संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव छापले गेले. म्हणजे सकाळच्या तासाला चलन आणि किंमत समजावणारा माणूसच पडद्यामागून बहिष्कृतांचे पत्र चालवीत होता.

१२/ घर परळच्या बी.आय.टी. चाळीत. पगार त्या काळाच्या मानाने चांगला, तरी राहणी काटकसरीची. कारण लंडनचे अपुरे शिक्षण पूर्ण करायचे होते. मार्च १९२० मध्ये त्यांनी सिडनहॅम सोडले. स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपयांचे कर्ज, एवढ्या बळावर ते जुलैमध्ये लंडनला निघाले. प्राध्यापकाची नोकरी जेमतेम सोळा महिने टिकली. पण पुढील शिक्षणाचा खर्च काही अंशी तिने उचलला.

१३/ लंडनमध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. १९२३ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. शिष्याचे अनेक मुद्दे आपल्याला मान्य नाहीत असे त्यांनी तीत मोकळेपणाने सांगितले आणि विचारांतील ताजेपणाचे स्वागतही केले. गुरूने जाहीर असहमती दर्शवावी आणि तरी पाठीशी उभे राहावे, हा धडा शिक्षक म्हणून आंबेडकरांना नक्कीच मोलाचा वाटला असावा.

१४/ परतल्यावर वकिली सुरू झाली; पण जात पाहणारे गिऱ्हाईक न्यायालयातही होतेच. जून १९२५ मध्ये आंबेडकर पुन्हा वाणिज्याच्या वर्गात उभे राहिले. बाटलीबॉय यांच्या लेखाशास्त्र प्रशिक्षण संस्थेत ते मार्च १९२८ पर्यंत व्यापारी कायद्याचे अर्धवेळ व्याख्याते होते. त्या काळी या विषयाचा कणा म्हणजे १८७२ चा करार कायदा. मालविक्री आणि भागीदारी यांचे नियमही तेव्हा त्याच कायद्यात होते. त्यांचे स्वतंत्र कायदे १९३० व १९३२ मध्ये झाले.

१५/ या पावणेतीन वर्षांचे दिनदर्शक पाहा. डिसेंबर १९२५ : भारतीय चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष. १९२७ च्या आरंभी : मुंबई विधिमंडळाचे सदस्यत्व. २० मार्च १९२७ : महाडचे चवदार तळे. ३ एप्रिल १९२७ : ‘बहिष्कृत भारत’चा प्रारंभ. महाडला ओंजळीने पाणी पिणारा नेता त्या दिवसांत हिशेबनीस घडवणाऱ्या संस्थेचा व्याख्याताही होता. आठ वर्षांपूर्वी त्याला प्राध्यापकांच्या खोलीतील माठ नाकारला गेला होता. या दोन घटनांमध्ये सरळ कार्यकारण जोडणे इतिहासाच्या शिस्तीत बसणार नाही. तरी त्या एकाच आयुष्यातल्या आहेत, हे विसरूनही चालणार नाही.

१६/ अध्यापनाविषयीची त्यांची भूमिका सर्वांत स्पष्टपणे याच सुमारास दिसते. मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी १९२४–२५ मध्ये नेमलेल्या समितीला त्यांनी लेखी उत्तरे पाठवली. त्यांच्या मते विद्यापीठीय शिक्षण प्रौढ बुद्धीला साजेसे, शास्त्रीय आणि निःपक्षपाती असावे. विद्यार्थ्याच्या डोक्यात माहिती भरण्यापेक्षा त्याच्या स्वतंत्र बुद्धीला जाग आणणे महत्त्वाचे. मोठ्या ग्रंथकारांचे म्हणणेही त्याने चिकित्सकपणे तपासले पाहिजे. केवळ परीक्षा घेणारे विद्यापीठ आणि संशोधनापासून तुटलेले अध्यापन त्यांना मान्य नव्हते.

१७/ पुढे १९२८–२९ मध्ये शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक आणि १९३५ पासून तेथेच प्राचार्य, असा हा पेशा चालू राहिला. मग शिक्षकाने संस्था काढल्या : १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय, १९५३ मध्ये सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय. ज्याला वाणिज्य महाविद्यालयात माठ नाकारला गेला, त्याच्याच संस्थेने ३५ वर्षांनी मुंबईत वाणिज्य महाविद्यालय उभे केले.

१८/ आणि मराठवाडा? बीड, तेव्हाचे भीर, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९१८ मध्ये आंबेडकर सिडनहॅमला लागले, त्याच वर्षी हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी घरातील मुलाला उच्च शिक्षण हवे असेल तर त्याला परका गाव आणि परकी भाषा दोन्ही पत्करावी लागत. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले. जून १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. म. भि. चिटणीस प्राचार्य झाले. पुढे त्याला ‘मिलिंद’ हे नाव मिळाले : भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या राजाचे. नाव विचारणाऱ्याचे आहे, उत्तर देणाऱ्याचे नाही.

१९/ २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने त्याला आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले; घरे जळाली, माणसे मारली गेली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. ज्याने विद्यापीठाचे प्रयोजन सांगितले, त्याचे नाव विद्यापीठाला देण्यास सोळा वर्षे लागली. बीडच्या पदवीवरील त्या ओळीची किंमत काय होती, हे ती पदवी घेणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

२०/ त्याच वर्षी नांदेडला निराळे विद्यापीठ झाले आणि त्याला स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव मिळाले. स्वामीजींनी अंबाजोगाईत, तेव्हाच्या मोमिनाबादेत, शाळेत अध्यापन केले होते. मराठवाड्यातील ही दोन्ही विद्यापीठे अशा माणसांच्या नावांनी ओळखली जातात, ज्यांनी स्वतः हातात खडू धरला होता.

२१/ शेवटी एक विनंती. तुम्ही वाणिज्याचे विद्यार्थी असाल तर लहान शेतजमिनींवरचा तो निबंध जरूर वाचा. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या आंबेडकरांच्या लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात तो आहे. वाचताना आपल्या गावातील एक शेत, एक मुकादम आणि एक ‘कोयता’ डोळ्यांसमोर ठेवा. उचल हा करार आहे का? त्यातली संमती खरोखर मुक्त असते का? रिकाम्या हातांना गावातच काम देणारा उद्योग कोणता? प्राध्यापक आंबेडकरांचे म्हणणेही पटले नाही तर का पटले नाही, ते लिहून काढा. विद्यापीठाकडून त्यांची अपेक्षा तेवढीच होती. (समाप्त)