विमान आपले, इंजिन परके

डॉ. विष्णु माधव घाटगे गॉटिंगेनला प्रांटल यांच्याकडे वायुगतिशास्त्र शिकून आले. १९५१ साली त्यांचे ‘एचटी-२’ बंगळूरला उडाले. इंजिन मात्र ब्रिटिश. पंख्याच्या शिकाऊ विमानाला ते चालून गेले. १९६१ च्या ‘मारुत’ला नाही. कुर्ट टँक यांनी त्याचा आराखडा ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या हिशेबाने केला होता. पण त्यासाठी धरलेल्या इंजिनाचे काम ब्रिटनमध्ये थांबले आणि कमी ताकदीच्या ऑर्फियसवर मारुत जेमतेम ध्वनिवेगापर्यंतच पोचले. एवढे होऊनही ‘कावेरी’ इंजिनाला मंजुरी १९८९ साली! टर्बाइनचे पाते स्वतःच्या वितळबिंदूहून तप्त वायूत टिकवायचे, तर धातुशास्त्राला दशके द्यावी लागतात. २०२५ साली नाशिकजवळच्या ओझरहून ‘तेजस मार्क १ए’ उडाले, तेही अमेरिकी इंजिनावर.