सासवण्याचे शिल्पकार करमरकर आणि देवळाची भिंत

मंदिराचा जीर्णोद्धार म्हटला की वर्गणी, सिमेंट, कळस आणि प्राणप्रतिष्ठा यांचा हिशेब चोख मांडला जातो. मूर्ती घडविणाऱ्या हाताचा हिशेब मात्र मजुरीच्या रकान्यात एका ओळीत आटोपतो. तालुका कचेरीत कारकुनी करताना असे कित्येक रकाने नजरेखालून जातात. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने अशाच एका हाताची हकीगत गावकऱ्यांपुढे ठेवावी असे मनात आले. ही हकीगत आपल्या झाडीपट्टीतील नाही, समुद्रकाठची आहे. पण तिचा आरंभ एका खेड्यातील देवळातच झाला.

आजच्या रायगड जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यात सासवणे नावाचे गाव आहे. तेथे 1891 साली विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म झाला. घरी शेती, आणि वडील गणपतीच्या मूर्ती करीत. मातीचा लळा मुलाला तेथूनच लागला. गावातील राममंदिराच्या भिंतीवर या मुलाने घोड्यावर बसलेल्या शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस ते पडले. महसुलाच्या साहेबाने गावी येऊन भिंतीवरचे चित्र पाहावे आणि चित्र काढणाऱ्याची चौकशी करावी, ही गोष्ट साधी नव्हे. त्यांच्याच साहाय्याने विनायकास मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकता आले.

त्या काळी मुंबईची कलासृष्टी कशी होती, हेही पाहिले पाहिजे. जे. जे. स्कूल 1857 साली सुरू झाले व बॉम्बे आर्ट सोसायटी 1888 साली स्थापन झाली. तत्पूर्वी मोठे पुतळे विलायतेहून करवून आणीत. 1872 साली मुंबईत बसविलेला राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकाराचा होता. पुढे गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेतच देवदर्शनास निघालेल्या तरुणीचा ‘मंदिरपथगामिनी’ हा पुतळा केला आणि आपल्या लोकांचा हातही त्या तोडीचा आहे हे सिद्ध झाले. त्याच वाटेने करमरकर पुढे गेले. सुरेंद्रनाथ टागोर यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी कलकत्त्यास स्टुडिओ थाटला. 1920 साली ते इंग्लंडला गेले आणि लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकून परत आले.

शिल्पकाराचा स्टुडिओ म्हणजे शोभेची जागा नव्हे, तो कारखानाच असतो. प्रथम लहान नमुना करावयाचा, मग लोखंडी सळ्या व लाकडाचा सांगाडा उभारून त्यावर माती चढवावयाची. माती सुकली तर तडकते, फार ओली राहिली तर ढासळते. म्हणून रात्रंदिवस ओली फडकी गुंडाळून तिला सांभाळावे लागते. पुतळा मनासारखा झाला की त्यावर प्लॅस्टरचा साचा घ्यावयाचा. साचा काढताना मातीचा मूळ पुतळा मोडतो. साच्यातून प्लॅस्टरची प्रत निघते, आणि तिच्यावरून धातूचे ओतकाम होते. माती, प्लॅस्टर, मदतनीस, ओतकाम हा सारा खर्च आधी. पैसे हाती येणार ते मागाहून.

करमरकरांची खरी कसोटी पुण्याच्या शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याच्या वेळी लागली. छत्रपती शाहू महाराजांनी मनावर घेतलेल्या या स्मारकाची कोनशिला 1921 साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते बसली. 1922 साली शाहू महाराज निवर्तले; काम पुढे राजाराम महाराजांनी चालविले. घोड्याचा पुतळा हे सर्वांत अवघड काम मानतात, कारण घोडा व स्वार यांचा सारा भार बारीक पायांवर तोलावा लागतो. सुमारे साडेतेरा फूट उंचीचा व आठ टन वजनाचा हा ब्राँझचा पुतळा मुंबईच्या माझगाव गोदीत एकसंध ओतला गेला. 16 जून 1928 रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी त्याचे अनावरण केले. पुण्यात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात तो आजही उभा आहे. देवळाच्या भिंतीवर काढलेला घोडेस्वार असा धातूत उतरला.

भंडारा हा पितळी भांड्यांचा जिल्हा. धातूची भट्टी आपल्याला परकी नाही. पितळ म्हणजे तांबे व जस्त, ब्राँझ म्हणजे तांबे व कथील, एवढाच काय तो फरक. मेणाची मूर्ती करून, वर मातीचा लेप देऊन, मेण वितळवून त्या जागी धातू ओतण्याची रीत तर बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथातही वर्णिली आहे.

एवढा नावलौकिक मिळूनही करमरकर आपले गाव विसरले नाहीत. शंख फुंकणारी स्त्री घडविणाऱ्या त्याच हाताने त्यांनी सासवण्याची कोळीण घडविली. 1962 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 1967 साली ते वारले. सासवण्याच्या त्यांच्या घरी आता त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे. राजेरजवाड्यांबरोबर गावची साधी माणसे व जनावरेही तेथे पाहावयास मिळतात.

आता आपल्याकडे वळू. आंबागडचा किल्ला इसवी सन 1700 च्या सुमारास, देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या पदरी असलेल्या राजाखान पठाणाने बांधला, असे इतिहास सांगतो. परंतु ज्या पाथरवटांनी ते दगड घडविले, बुरूज उभे केले, त्यांपैकी एकाचेही नाव कोणाच्या तोंडी नाही. तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी करणारा सुतार, गणपती करणारा कुंभार, देवळाचे खांब कोरणारा कारागीर यांची गत काही वेगळी नाही. करमरकरांचे नाव राहिले, कारण कोणीतरी भिंतीपाशी थांबून ‘हे कोणी काढले?’ असे विचारले. त्या भिंतीवर वेळेआधी चुना फिरला असता, तर काय झाले असते?

म्हणून गावकऱ्यांस व कमिटीस दोन गोष्टी नम्रपणे सुचवाव्याशा वाटतात. देणगीदारांच्या नावांची फरशी बसते तशी गवंडी, पाथरवट, सुतार व मूर्तिकार यांची नावे, गाव व साल लिहिलेली एक फरशीही बसावी. तिला फार खर्च येणार नाही. आणि जुन्या मंदिरातील घडीव दगड, खांब, मूर्ती भरावात टाकू नयेत किंवा ऑइलपेंटखाली झाकू नयेत. त्या आवारातच नीट मांडून ठेवाव्यात. शंभर वर्षांनी कोणी विचारील, ‘हे कोणी घडविले?’ तेव्हा उत्तर दगडावरच मिळावे.

गावातील एखादा मुलगा कोळशाने भिंतीवर चित्र काढताना दिसला, तर त्याला रागे भरण्याआधी चित्राकडे एकवार पाहावे, एवढीच विनंती करून हा लेख पुरा करतो.