पातं फिरंगी, मूठ दखनी

फिरंग तलवारीची गंमत अशी, की तिचं पातं परदेशी असतं आणि मूठ आपली. सतराव्या शतकात पोर्तुगीज आणि इतर टोपीकर व्यापाऱ्यांमार्फत युरोपात घडलेली पाती दख्खनच्या किनाऱ्यावर उतरत. मराठ्यांना ती हवी असत, तशीच आदिलशाही आणि मोगल सरदारांनाही. आजच्या भाषेत हा कारखान्याचा माल. जर्मनीतल्या सोलिंगेनमध्ये तर पातं घडवणारे वेगळे, घासणारे वेगळे, अशी कामाची वाटणीच होती. पण ते पातं इथल्या हाताला बसवायचं तर मूठ इथलीच लागे.

ती बसवण्याची रीत साधी. पोकळ मुठीत लाख वितळवायची, पात्याचं शेपूट तापवून त्यात रोवायचं आणि थंड होऊ द्यायचं. पुढं कधी मूठ बदलायची झाली, तर तापवली की सुटते.

बकरी ईदच्या आधी घरचे चाकू मी स्वतःच नीट करतो, म्हणून ही रीत मला जवळची वाटते. बुधवारच्या बाजारातला स्टीलचा चाकू, त्याची प्लास्टिकची मूठ वर्षभरात हलायला लागते. रिपीट कापून ती काढायची, सुताराकडून शिसवीचे दोन तुकडे आणायचे, नाशिकच्या भांडीबाजाराजवळ पितळी तार मिळते, तिचे नवे रिपीट करायचे. शेवटी जवसाचं तेल. दोन संध्याकाळी जातात. नवा चाकू यापेक्षा स्वस्त पडतो, हे घरात मला दरवर्षी ऐकवलं जातं.

पातं उजळणं हे खरं जिकिरीचं काम, आणि त्या कामावरूनच एका जमातीला नाव पडलं. अरबीत ‘सैकल’ म्हणजे घासून चकाकी देणं, फारसी ‘गर’ म्हणजे करणारा. सैकलगरचा आपल्याकडे शिकलगार झाला. उत्तरेत तो सिकलीगर, आणि तिथं बरेचसे शीख. महाराष्ट्रात मुस्लिम शिकलगार आहेत, शीख सिकलीगरही आहेत. धर्म दोन, सहाण एकच.

ही सहाण कशाची? कुरुंदाची पूड लाखेत कालवून तिचं चाक करत. आज मी हार्डवेअरच्या दुकानातून आणतो तो तपकिरी पॉलिश पेपर म्हणजे बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, म्हणजे कारखान्यात बनवलेला कुरुंदच! आधी 240 नंबर, मग 400, मग 800. मशिनवर घासायचं तर पातं पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवावं लागतं. निळसर झाक आली की समजायचं, पोलादाचं पाणी उतरलं. धार मग टिकत नाही.

पोलाद हा शब्दही फारसीतूनच आलेला. आणि माल मात्र इथून तिकडे जात होता. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीनं तलवारींवर एक पुस्तिका लिहिली, तिच्यात हिंदुस्थानी पोलादाची दखल आहे. अरबीत चांगल्या तलवारीला ‘मुहन्नद’, म्हणजे हिंदी, म्हणत. शब्द तिकडून, लोखंड इकडून. ‘परकं काय आणि आपलं काय’ हा वाद घालणाऱ्यांनी एकदा चाकू हातात घ्यावा.

1878 च्या शस्त्र कायद्यानं परवान्याशिवाय तलवार घेऊन फिरणं गुन्हा ठरलं. शिकलगाराचं मोठं काम त्यानं आटलं. उरले अडकित्ते, कात्र्या, विळे, सुऱ्या. आज संग्रहालयातल्या फिरंगीवर पातं कुठल्या गावचं ते पाट्या सांगतात, कारण पात्यावर शिक्का असतो. मूठ बसवणाऱ्यानं, पातं उजळणाऱ्यानं शिक्का मारलेला नसतो. त्याची खूण शोधायची तर ती आडनावात. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे हे आडनाव आजही भेटतं.

यंदा एका चाकूला मी रिपीट न मारता लाखेनंच मूठ बसवली. आमच्या गल्लीत सायकलवर सहाण घेऊन येणाऱ्या चाचांना दाखवली. त्यांनी मूठ पिळून पाहिली, पातं उन्हात धरलं आणि म्हणाले, “अच्छी बैठी है. गरम पानी में मत धोना, छूट जाएगी.”