नीलम घासणारे हात

काही वर्षांपूर्वी वर्गात मोगलकाळाचा पाठ चालू होता. मयूरासनाचे वर्णन संपताच मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "सर, सिंहासन शाहजहानने करविले हे कळले, पण त्यातले खडे घासले कोणी?" १६३५ साली पूर्ण झालेल्या या सिंहासनाच्या कामावर देखरेख करणाऱ्या सईदा-ए-गिलानीचे नाव इतिहासाला ठाऊक आहे. परंतु सानेवर बसून ज्यांनी बोटे झिजवली, त्यांची नावे आपल्या पाठ्यपुस्तकात कोठे आहेत? त्या दिवशी मी निरुत्तर झालो. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

आपल्या वऱ्हाडात नीलम सापडत नाही. येथील काळी जमीन ज्या लाव्हाच्या खडकापासून झाली, त्याच्या पोकळ्यांत अकीक तयार होतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड गाड्यांत भरून भडोच बंदराकडे जात, असा उल्लेख आहे. म्हणजे दगड घासण्याची विद्या दख्खनला नवी नाही. नीलम मात्र मुख्यतः सिंहलद्वीपातून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून येई. या व्यापाराबरोबर शब्दही आले. जव्हेरी, अकीक, पिरोजा, नगीना हे मराठीत रुळलेले शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत. खडे घासणाऱ्या व मोहरा कोरणाऱ्या कारागिराला 'हक्काक' म्हणत. त्याचा मूळ अर्थच मुळी 'घासणारा' असा आहे.

या विद्येचा शास्त्रीय विचार करणारा थोर पंडित म्हणजे अबू रैहान अल्-बीरूनी (जन्म ९७३). गझनीचा सुलतान मौदूद याच्या काळात त्याने रत्नांवर 'किताब अल्-जमाहिर' हा ग्रंथ लिहिला. सारख्या आकारमानाच्या रत्नांची वजने पाण्याच्या साहाय्याने ताडून त्याने खरे-खोटे ओळखण्याची रीत घालून दिली. लाल, पिवळा आणि निळा 'याकूत' ही एकाच जातीची रत्ने असे अरब पंडित मानीत. माणिक व नीलम हे एकच खनिज आहे, हे युरोपात १८०० च्या सुमारास सिद्ध झाले!

ते खनिज म्हणजे आपला कुरुंद. धार लावण्याच्या दगडात जो कुरुंद असतो, त्याचाच निर्मळ, निळा स्फटिक म्हणजे नीलम. काठिण्यात त्याच्यावर फक्त हिरा. म्हणून नीलम घासायला पूर्वी कुरुंदाचीच भुकटी वापरीत. भावानेच भावाला घासावे, तसा हा प्रकार आहे.

आता हाताच्या कामाची रीत पाहू. कच्चा खडा हाती आला की कारागीर लगेच सानेला लावीत नाही. तो उजेडात धरून फिरवून फिरवून पाहतो. नीलमात रंग सर्वत्र सारखा नसतो. एका दिशेने पाहिले तर गर्द निळा, दुसऱ्या दिशेने किंचित हिरवट दिसतो. रंगाचा एखादा ठिपकाच असेल, तर तो खड्याच्या तळाशी येईल असा बेत करावा लागतो. मग वरून पाहणाऱ्याला सारा खडा निळा भासतो. हा बेत चुकला, तर पुढची सारी मेहनत फुकट.

नंतर खडा लाखेने काठीच्या टोकावर चिकटवतात. एका हाताने कमान मागेपुढे ओढायची, तिच्या दोरीने चाक फिरते. दुसऱ्या हाताने काठी धरून खडा चाकावर टेकवायचा. पैलूचा कोन मोजायला यंत्र नाही. डोळा आणि मनगट हेच माप. शेवटी झिलई. त्यासाठी सुलेमानी दगड जाळून केलेली भुकटी तांब्याच्या पत्र्यावर पाण्याबरोबर वापरावी, असे जुन्या अरबी ग्रंथांत सांगितले आहे. या साऱ्यात कच्च्या खड्याचे निम्म्याहून अधिक वजन बहुधा धूळ होऊन जाते.

म्हणून आपले कारागीर वजन राखण्यास फार जपत. फ्रेंच जव्हेरी ताव्हेर्निये याने हे नमूद केले आहे. त्यानेच एक हकिकत दिली आहे. मोगल खजिन्यातील ९०० रतींचा कच्चा हिरा व्हेनिसच्या एका कारागिराकडे सोपवण्यात आला. त्याने तो इतका घासला की ३१९॥ रतीच उरला. बादशहाने त्याला मजुरी तर दिली नाहीच, उलट दहा हजार रुपये दंड केला. घाई आणि अज्ञान यांची किंमत ती!

१८८१ च्या सुमारास काश्मीरच्या पाडर भागात दरड कोसळून उत्तम नीलम उघडे पडले आणि थोड्याच वर्षांत ती खाण बरीचशी रिकामी झाली. रत्नकामासाठी पुढे जयपूरचे नाव झाले. आपल्या जिल्ह्यातील बाळापूरला मिर्झाराजे जयसिंगाची छत्री आहे. त्याच्याच वंशातील सवाई जयसिंगाने १७२७ मध्ये जयपूर वसवले. जयपूरच्या खडे घासणाऱ्यांत आणि श्रीलंकेतील बेरुवलाच्या रत्नव्यवसायात मुस्लिम कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत.

पालक बंधू-भगिनींनो, या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अनेक घरांत मूल लहान वयातच सानेजवळ बसले आणि शाळा सुटली. हात तयार झाला, पण हिशेब व पारख व्यापाऱ्याकडे राहिली. कारागिराला नगामागे मजुरी मिळाली, मोल दुसऱ्याला. खंबायतला अकीक घासताना उडणारी धूळ फुप्फुसात जाऊन कित्येक कारागीर सिलिकोसिसने खंगले. ती धूळ प्राणघातक आहे, हे त्यांना वेळीच कोणी सांगितले असते तर!

बीरूनीची विद्या ग्रंथालयात राहिली आणि हक्काकाचे कसब कारखान्यात राहिले. दोघांची गाठ फारशी पडली नाही. मुलाला धंदा जरूर शिकवा, त्यात कमीपणा नाही; पण त्यासाठी त्याची शाळा सोडवू नका. आणि विद्यार्थी मित्रहो, नीलम पाहाल तेव्हा त्याची किंमत विचारण्यापूर्वी, तो घासणारे हात कोणाचे, हेही विचारा. माझ्या त्या विद्यार्थ्याने तेच विचारले होते.