यंत्राने यंत्राला पुस्तक विचारणे : झेड ३९.५० आणि ‘याझ’ साधनसंच

या टिपणाची सुरुवात एका कायद्यापासून करू. १९५४च्या ग्रंथ-प्रदान कायद्यानुसार भारतात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एकेक प्रत ठरावीक ग्रंथालयांना पाठवणे प्रकाशकावर बंधनकारक आहे. कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि चेन्नईत एग्मोरला असलेले, १८९६ साली सुरू झालेले कोनेमारा सार्वजनिक ग्रंथालय, अशी ही चार. म्हणजे पुण्याच्या सदाशिव पेठेत छापलेल्या मराठी पुस्तकाची एक प्रत कायद्याने चेन्नईलाही यायला हवी. मी चेन्नईत संगणकशास्त्र शिकवतो, त्यामुळे ही गोष्ट मला फार सुखाची वाटते. पण पुस्तक शहरात असणे वेगळे आणि ते आहे हे वाचकाला कळणे वेगळे. ही दोन टोके जोडण्याचा एक जुना तांत्रिक प्रयत्न आपण इथे पाहणार आहोत.

चेन्नईला हा प्रश्न नवा नाही. प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवणारे शि. रा. रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले. सुरुवातीला त्यांना हे काम इतके कंटाळवाणे वाटले की ते जुनी नोकरी परत मागायला गेले होते. लंडनला शिकून आल्यावर मात्र त्यांनी ग्रंथालय सोडले नाही. १९३१ साली त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम प्रसिद्ध झाले. त्यातला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवा असे सांगतो. १९३३च्या द्विबिंदू वर्गीकरणात त्यांनी विषयाचे पैलू सुटे केले आणि ते चिन्हांनी जोडले. कोणत्या गोष्टीविषयी, कोणत्या अंगाने, कुठे, केव्हा, हे प्रत्येक वेगळे लिहायचे. गणिताच्या माणसाचे हे काम आहे, हे लगेच ओळखू येते. झेड ३९.५० रचणाऱ्यांनी रंगनाथन वाचले होते असा माझा दावा नाही. पण शोधाचा प्रश्न पैलूंमध्ये तोडायची कल्पना पुढे पुन्हा भेटेल, तेव्हा हे आठवा.

एका ग्रंथालयाची तालिका नीट झाली तरी दुसऱ्या ग्रंथालयात काय आहे हे कसे कळणार? त्यासाठी संघ तालिका असत. इन्सडॉकने देशभरातल्या वैज्ञानिक नियतकालिकांची अशी तालिका केली होती. मेहनत प्रचंड, पण छापील संघ तालिका छापून होते त्याच दिवशी जुनी होऊ लागते.

संगणक आल्यावर अडचण सुटण्याऐवजी आधी वाढली. अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम यांनी मार्क हा नोंदींचा आराखडा तयार केला. नोंद एकसारखी झाली, पण ती शोधण्याची पद्धत प्रत्येक यंत्रणेची वेगळीच राहिली. दहा ग्रंथालयांत शोधायचे तर दहा प्रकारच्या आज्ञा पाठ करायच्या! १९८०च्या दशकात तिथल्या मोठ्या ग्रंथालय-यंत्रणा एकमेकींना जोडण्याचा प्रकल्प झाला. त्यातून १९८८ साली झेड ३९.५० या मानकाची पहिली आवृत्ती आली, १९९२ साली दुसरी, १९९५ साली तिसरी. १९९८ साली त्याला आयएसओ २३९५० हा क्रमांक मिळाला. नाव रुक्ष आहे. झेड ३९ ही ग्रंथालय आणि प्रकाशनविषयक मानकांची समिती आणि पन्नास हा त्या मालेतला क्रमांक, इतकाच त्याचा अर्थ.

मूळ कल्पना साधी आहे. माझा क्लायंट तुमच्या सर्व्हरशी जोडणी करतो, दोघे आपापल्या क्षमता सांगतात, मग शोधाची विनंती जाते. सर्व्हर सगळ्या नोंदी पाठवत नाही. सापडलेला संच तो स्वतःकडे ठेवतो आणि किती सापडल्या एवढा आकडा कळवतो. मग क्लायंट ‘एक ते दहा द्या’ म्हणतो. ज्या काळात तारेवरून जाणारा प्रत्येक बाइट महाग होता, त्या काळातले हे शहाणपण आहे. मात्र यामुळे सर्व्हरला प्रत्येक क्लायंटची आठवण ठेवावी लागते. वेबच्या एचटीटीपीने नेमकी हीच जबाबदारी टाळली.

मग अवघड काय होते? संदेशांची बांधणी. विनंती आणि उत्तर एएसएन.१ या वर्णनभाषेत मांडलेले आणि तिच्या बीईआर नियमांनी बाइटमध्ये गुंफलेले असते. प्रत्येक घटकाला खूण, लांबी आणि मूल्य, त्याच्या पोटात पुन्हा तेच. हाताने लिहायला बसलात तर आठवडा संदेश उलगडण्यातच जातो, पुस्तक शोधणे दूरच. माझ्या मते मानक चांगले होते, पण कागदावर. मधल्या आकाराच्या ग्रंथालयाला ते परवडले नसते.

इथे डेन्मार्कची एक छोटी कंपनी येते. सेबास्टियन हॅमर आणि ॲडम डिकमाइस यांनी १९९४ साली कोपनहेगनमध्ये इंडेक्स डेटा सुरू केली आणि सी भाषेत ‘याझ’ हा साधनसंच लिहून तो मुक्त केला. त्याचा आजचा परवाना बीएसडी प्रकारचा आहे. म्हणजे त्यावर विकाऊ सॉफ्टवेअर बांधले तरी चालते, आपला कोड उघड करण्याची सक्ती नाही. त्यांच्याच ‘झेब्रा’ या अनुक्रमण-यंत्रणेला मात्र जीपीएल परवाना आहे. हा फरक विचारपूर्वक केलेला दिसतो. प्रोटोकॉलचा कोड जितक्या जास्त हातांत जाईल तितकी बोलायला जास्त माणसे मिळतात, आणि बोलायला समोर कोणी नसेल तर प्रोटोकॉलचा उपयोग शून्य.

याझची रचना थरांची आहे. तळाशी जोडणीचा थर, त्यावर संदेश गुंफणारा आणि उलगडणारा थर, त्यावर सर्व्हर लिहिण्यासाठी तयार सांगाडा. सांगाड्यात तुम्ही फक्त ‘शोध आला तर काय करायचे’ आणि ‘नोंद मागितली तर काय द्यायचे’ ही फंक्शन्स भरायची. क्लायंटसाठी ‘झूम’ नावाचा सोपा इंटरफेस आहे. तो पर्ल, पीएचपी वगैरे भाषांतूनही वापरता येतो. सोबत आज्ञावलीवर चालणारा एक क्लायंट आणि एक नकली सर्व्हरही मिळतो. हा नकली सर्व्हर गमतीचा आहे. त्याच्यामागे डेटाबेसच नाही. काहीही शोधा, तो यादृच्छिक आकडा सांगतो आणि मोजक्या साठवलेल्या नोंदींपैकी काही देतो. प्रयोगशाळेत दरवर्षी कोणीतरी हात वर करून सांगते, “सर, एकच शब्द दोनदा शोधला, आकडा वेगळा आला.” मग मी आधी त्यांना दोष शोधू देतो.

आता पैलूंकडे येऊ. झेड ३९.५०मध्ये शोधशब्द एकटा जात नाही, त्याला गुणधर्म जोडलेले असतात. बिब-१ या संचात पहिला गुणधर्म कुठे शोधायचे ते सांगतो. ४ म्हणजे शीर्षक, १००३ म्हणजे लेखक, ७ म्हणजे आयएसबीएन, २१ म्हणजे विषय. इतर गुणधर्म संबंध, स्थान, शब्द की वाक्यांश, शेवट कापायचा का, असे सांगतात. याझमध्ये प्रश्न पूर्वप्रत्यय पद्धतीने लिहितात. ‘आणि’ हे चिन्ह आधी, मग त्याचे दोन भाग. डेटा स्ट्रक्चर्सच्या तासाला तुम्ही केलेला वृक्ष तो हाच.

पण गुणधर्म लिहिला नाही तर काय गृहीत धरायचे, हे प्रत्येक सर्व्हर आपापले ठरवतो. एकाला शीर्षकात कुठेही आलेला शब्द चालतो, दुसरा सुरुवातीपासून जुळवतो. एखाद्याला गुणधर्मच माहीत नसतो, मग ११४ क्रमांकाची त्रुटी येते. मानक एक आणि उत्तरे दहा! यावर तोडगा म्हणून १९९९ साली इंग्लंडमधल्या बाथ इथल्या बैठकीतून बाथ प्रोफाइल निघाली. कोणत्या शोधाला कोणते गुणधर्म लावायचेच, हे तिने ठरवून दिले.

आपल्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचा भाग लिपीचा. मार्क नोंदींसाठी युनिकोडपूर्वी जी मार्क-८ संकेतप्रणाली होती, तीत ग्रीक, सिरिलिक, अरबी, हिब्रू, चिनी, जपानी, कोरियन होत्या. देवनागरी नव्हती, तमिळही नव्हती. लायब्ररी ऑफ काँग्रेसचे कार्यालय १९६२पासून दिल्लीत आहे, त्याच्यामार्फत मराठी पुस्तके वॉशिंग्टनला जात राहिली, पण त्यांच्या नोंदी रोमन लिप्यंतरात झाल्या. ‘ज्ञानेश्वरी’ तिथे जे-एनने सुरू होते. महाराष्ट्रातला वाचक डी-एन-वायने शोधतो आणि शून्य नोंदी पाहून परत जातो.

याझ यातले काही सोडवते. नोंद मार्क-८मध्ये आहे की युनिकोडमध्ये, हे तिच्या शीर्षपट्टीतल्या दहाव्या अक्षरावरून कळते, आणि याझ रूपांतर करून देते. मार्क-८मध्ये उच्चारचिन्ह अक्षराच्या आधी येते, युनिकोडमध्ये नंतर. स्वतः रूपांतर लिहिणारे इथेच चुकतात. आयसीयूच्या साहाय्याने उच्चारचिन्हे गाळून शोधताही येते, पण त्याने डी-एन-वाय आणि जे-एन एक होत नाहीत. त्यासाठी कोणीतरी ग्रंथपालाने अधिकृत नावांच्या यादीत ‘हे पाहा’ अशी नोंद करावी लागते. देवनागरीतही तंटे आहेतच. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या नोंदींत ते ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेले आहे. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे, आणि युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरणही त्यांना एक करत नाही. तो नियम तुम्हालाच लिहावा लागतो.

झेड ३९.५० पुढे मागे पडले. त्याचाच वारस एसआरयू एचटीटीपी आणि एक्सएमएल वापरतो, आणि याझ तोही बोलते. पण जुना प्रोटोकॉल गेला नाही. न्यूझीलंडमध्ये जन्मलेली आणि भारतातल्या अनेक महाविद्यालयांत चालणारी ‘कोहा’ यंत्रणा दुसऱ्या ग्रंथालयातून नोंद उचलताना याझच वापरते. तुमच्या ग्रंथपालांनी आयएसबीएन टाकला आणि नोंद आपोआप भरली गेली, तर मागे बहुधा हेच चालले आहे.

प्रयोग : याझ बसवा. आधी नकली सर्व्हरवर हात बसवा, मग एखाद्या खुल्या सर्व्हरशी जोडणी करा. ‘ज्ञानेश्वरी’ हे शीर्षक देवनागरीत, जे-एनने आणि डी-एन-वायने, असे तीनदा शोधा. प्रत्येक वेळचा आकडा लिहून ठेवा आणि त्यानंतर एक नोंद उघडून तिच्या शीर्षपट्टीतले दहावे अक्षर पाहा.